साठ वर्षं हेलिकॉप्टर बनवून आपण नेमकं काय शिकलो?

प्रश्न असा आहे : “मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एचएएल ही सरकारी विमान-कंपनी १९६० च्या दशकापासून हेलिकॉप्टर बनवते, तरी तिच्या ‘ध्रुव’ हेलिकॉप्टरचं इंजिन मुळात फ्रेंच, आणि २०२५ मध्ये तर सगळा ताफा जमिनीवर ठेवावा लागला. मग आपला हेलिकॉप्टर उद्योग खरंच वाढला म्हणायचा, की आपण नुसती जोडणी करतो? या क्षेत्रात यावं का?”

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. एकवीस वर्षं सैन्यात हेलिकॉप्टरच्या देखभालीवर होतो, त्यातला बराच काळ चेतक आणि चीता या हलक्या हेलिकॉप्टरांवर. निवृत्तीनंतर गेली बारा वर्षं विमानांचे आणि हेलिकॉप्टरचे गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभाग बघतो. म्हणजे आधी तयार यंत्र हाताळलं, नंतर त्याचे भाग बनताना पाहिले. डिझाइनच्या टेबलावर मी कधी बसलो नाही, तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

माझं मत थोडक्यात : उद्योग वाढला आहे, आणि तो नुसत्या जोडणीचा राहिलेला नाही. परवान्यावर बनवताना आपण ‘कसं’ बनवायचं ते शिकलो. ‘असंच का’ हे शिकायला १९८४ चा ध्रुवच्या डिझाइनचा करार उजाडावा लागला, आणि ते शिक्षण अजून चालू आहे. ध्रुवचे अपघात, तपासण्या, बदललेले भाग हे सगळं त्याच शिक्षणात मोडतं. ही किंमत महाग आहे, माणसांच्या जिवाची आहे, म्हणून तिच्याबद्दल हलकेपणाने बोलायचं नाही. पण ती न मोजता हेलिकॉप्टर शिकलेला एकही देश मला माहीत नाही.

सुरुवातीचा इतिहास भरभर सांगतो. आजच्या एचएएलचा बेंगळुरूचा कारखाना डिसेंबर १९४० मध्ये उभा केला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी, म्हैसूर संस्थानाच्या साथीने. दोनच वर्षांत, युद्धाच्या धामधुमीत, तो सरकारच्या हाती गेला. वायुदलाकडे पहिली हेलिकॉप्टरं आली १९५४ मध्ये, अमेरिकन सिकॉर्स्की एस-५५. बनवण्याची गोष्ट सुरू होते १९६२ मध्ये. फ्रान्सच्या सुद एव्हिएशनकडून ‘अलूएत ३’चा परवाना घेतला आणि १९६५ मध्ये इथे जोडलेलं पहिलं यंत्र उडालं. तेच आपलं चेतक.

परवान्यावर बनवणं म्हणजे काय, हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे. पहिल्यांदा येतात जवळजवळ तयार यंत्रं, मग सुट्या भागांची खोकी, मग कच्चा माल आणि नकाशे. प्रत्येक पायरीला तुमच्या हाताला काम वाढतं. नकाशात लिहिलेलं असतं की या कोपऱ्याची गोलाई ३ मिलिमीटर ठेवा. तुम्ही ३ ठेवता, तपासणारा ३ मोजतो, भाग पास होतो. पण २ ठेवली असती तर काय झालं असतं? हे नकाशात नसतं. ते मूळ कंपनीच्या चाचणीच्या वह्यांत असतं, आणि त्या वह्या परवान्याबरोबर येत नाहीत. आमच्या पिढीतले मिस्त्री हाताने इतके तयार होते की भाग बघून सांगायचे, हा बसेल, हा बसणार नाही. पण नकाशातला आकडा बदलायचा अधिकार कुणाकडे नव्हता, आणि बदलला तर काय होईल हे सांगणारं ज्ञानही नव्हतं.

चीताची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही. १९६२ च्या चीन युद्धानंतर आपल्याला हिमालयात खूप उंचावर उडणारं हलकं यंत्र हवं होतं. आपली गरज समोर ठेवून फ्रेंचांनी अलूएत २ च्या अंगाला अलूएत ३ चं इंजिन, पंखा आणि गिअरबॉक्स बसवला. मार्च १९६९ मध्ये ते पहिल्यांदा उडालं. फ्रेंचांनी नाव दिलं ‘लामा’, आपण परवाना घेऊन नाव ठेवलं चीता. २१ जून १९७२ ला ज्यां बुले या वैमानिकाने लामा १२,४४२ मीटरवर नेलं. तिथे इंजिन विझलं आणि ते नुसत्या वाऱ्यावर फिरणाऱ्या पंख्याच्या आधाराने त्यांनी खाली आणून टेकवलं. मागणी आपली होती आणि डिझाइन त्यांचं. गरज इतकी नेमकी मांडता येणं हीसुद्धा उद्योगाची एक कमाई असते, असं मी मानतो.

सियाचीनमध्ये १९८४ पासून याच चीताने माणसं जगवली. अगदी वरच्या चौक्यांवर एका फेरीत जेमतेम वीस-पंचवीस किलो जायचं. एखादा रॉकेलचा कॅन, थोडी औषधं. हवा विरळ, त्यामुळे पंख्याला उचल कमी आणि इंजिनाला दमही कमी. आम्ही पहाटे अंधारात यंत्र तयार करायचो, कारण सकाळची थंड हवा दाट असते आणि दुपारी वारा उठला की उतरणं धोक्याचं. उणे पंचवीसमध्ये हातमोजे काढल्याशिवाय लॉकवायर, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार, नीट वळता येत नाही. उघड्या बोटाने पाना धरला की कातडी चिकटते. अशा जागी काम केलेल्या माणसाला ‘आपल्याला आपलं हेलिकॉप्टर का हवं’ हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही. जगात बहुतेक हेलिकॉप्टरं समुद्रसपाटीजवळच्या देशांनी स्वतःसाठी बनवलेली आहेत. आपली गरज वरची आहे.

इथे पात्यांबद्दल एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. मी शिकाऊ होतो तेव्हा पात्यांचं ‘ट्रॅकिंग’ झेंड्याने व्हायचं. तीन पात्यांच्या टोकांना तीन रंगांचे खडू फासायचे, लाल, निळा, पिवळा. मग यंत्र जमिनीवरच सुरू करायचं आणि एका उभ्या काठीला ताणून बांधलेली कापडाची पट्टी हळूहळू फिरत्या पात्यांच्या टोकांपाशी न्यायची. टप् टप् टप् असा आवाज यायचा आणि कापडावर तीन ठिपके उमटायचे. तिन्ही एकावर एक पडले तर पाती एकाच पातळीत फिरताहेत. निळा दोन बोटं खाली पडला तर निळ्या पात्याची दांडी थोडी फिरवायची आणि पुन्हा झेंडा लावायचा. पाती किंचित जरी वर-खाली असली तरी सगळं अंग हादरतं, आणि हादरा म्हणजे धातूचा हळूहळू होणारा मृत्यू. माझे उस्ताद हवालदार म्हणायचे, “कापड खोटं बोलत नाही.” आता हे काम सेन्सर आणि कॅमेरा करतात. पण प्रश्न तोच आहे : फिरणाऱ्या वस्तूचा हादरा कुठून येतो आणि कुठे जातो.

आता ध्रुव. १९८४ मध्ये एचएएलने पश्चिम जर्मनीच्या एमबीबी कंपनीशी करार केला, तो परवान्याचा नव्हता, डिझाइनला मदत घेण्याचा होता. एमबीबीच्या मूळ कंपनीने १९६० च्या दशकात बो-१०५ या छोट्या हेलिकॉप्टरवर बिजागरी नसलेला पंखा सिद्ध करून दाखवला होता. जुन्या पद्धतीच्या हबमध्ये, म्हणजे पाती जिथे एकत्र जोडतात त्या मधल्या भागात, प्रत्येक पातं वर-खाली आणि मागे-पुढे हलायला बिजागऱ्या असतात. बिजागरी काढून टाकली तर पात्याचं मूळच लवचीक करावं लागतं, ते काचतंतू-कार्बनतंतूंच्या थरांनी होतं. फायदा हा की भाग कमी, वंगण कमी, आणि यंत्र चालकाच्या हाताला एकदम ताबडतोब प्रतिसाद देतं. वायुदलाचं ‘सारंग’ पथक ध्रुव घेऊन जी कसरत करतं, ती या पंख्यामुळे जमते. तोटा हा की जो वाक बिजागरी गिळून टाकायची तो आता थेट हबमध्ये, मास्टमध्ये म्हणजे पंखा फिरवणाऱ्या उभ्या दांड्यात, आणि गिअरबॉक्समध्ये उतरतो. ध्रुवमध्ये गिअरबॉक्स आणि हेलिकॉप्टरचं अंग यांच्यामध्ये हादरे शोषणारी खास जोडणी घालावी लागली ती यासाठीच.

थोडक्यात, आपण पहिल्याच स्वतःच्या यंत्राला अवघड वाट निवडली. काही जाणकारांना ती चूक वाटते, मला तशी वाटत नाही. सोप्या पंख्याचं हेलिकॉप्टर तयार होईपर्यंत जुनं झालं असतं.

पहिलं उड्डाण २० ऑगस्ट १९९२ ला झालं आणि सैन्याच्या हाती यंत्र पडायला २००२ उजाडलं. करारापासून अठरा वर्षं. मधल्या काळात १९९१ चं आर्थिक संकट आलं, तिन्ही दलांच्या मागण्या बदलत राहिल्या. शिवाय ज्या अमेरिकन इंजिनाची निवड चालली होती ते १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतरच्या निर्बंधांनी हातचं गेलं, म्हणून फ्रेंच टर्बोमेकाचं इंजिन कायम करावं लागलं. तुलनेसाठी इटली घ्या. तिथल्या ऑगुस्ता कंपनीने १९५२ मध्ये अमेरिकन बेल-४७ परवान्यावर बनवायला सुरुवात केली आणि १९७१ मध्ये स्वतःचं ए-१०९ उडवलं. एकोणीस वर्षं. आपलं चेतक १९६५ चं आणि ध्रुव १९९२ चं, म्हणजे सत्तावीस. आठ वर्षांचा फरक हा क्षमतेतल्या फरकाइतकाच निर्णयातल्या उशिराचा आहे. १९७० च्या दशकात आपण डिझाइनची मंडळी बसवून ठेवली होती, त्यांना यंत्र द्यायला उशीर केला.

आता माझ्या आजच्या कामाकडे येतो, कारण हेलिकॉप्टर उद्योग खऱ्या अर्थाने वाढतो तो इथे. विमानाचं इंजिन बंद पडलं तर ते तरंगत येऊ शकतं. हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं तरी फिरता पंखा त्याला खाली आणू शकतो, बुले यांनी तेच केलं. पण मुख्य गिअरबॉक्स अडकला, मास्ट मोडला किंवा पात्यांना वळवणारी यंत्रणा तुटली तर वैमानिकाकडे काहीही उरत नाही. इंजिनाचे हजारो फेरे पंख्यापाशी मिनिटाला तीनशेच्या आसपास आणणारी दातेरी चाकं, आणि सगळ्या यंत्राचं वजन ज्यावर लोंबकळतं तो मास्ट, यांना दुसरा पर्याय नसतो. म्हणून सांगाडा कोण बनवतो यापेक्षा गिअर, बेअरिंग आणि पाती कोण बनवतं, हा प्रश्न विचारायचा.

गिअर कसा तपासतात ते सांगतो. विशिष्ट मिश्रधातूचं पोलाद घेऊन, त्याच्या पृष्ठभागात कार्बन मुरवून, कडक करून, मग दाते घासून मायक्रॉनच्या मापात आणतात. घासताना चाक जरा बोथट झालेलं असेल किंवा तेलाची धार एक अंश सरकली असेल, तर दात्याची एक पातळ कातडी क्षणभर भाजते. डोळ्याला काही दिसत नाही. माप बरोबर येतं. चकाकी उत्तम असते. मग आम्ही तो गिअर पातळ नायट्रिक ॲसिडमध्ये काही सेकंद बुडवतो, धुतो, दुसऱ्या ॲसिडमध्ये उजळतो आणि दिव्याखाली फिरवतो. चांगला दाता एकसारखा फिकट राखाडी दिसतो. भाजलेला असेल तर मुळापाशी चहाच्या डागासारखी तपकिरी सावली उमटते. ती सावली म्हणजे मऊ पडलेलं पोलाद. तिथून दोनशे तासांनी किंवा दोन हजार तासांनी तडा सुरू होतो.

आमच्याकडे एकदा अकरा गिअरच्या एका लॉटवर अशी सावली आली. बोटाच्या नखाएवढी, तीही प्रत्येक गिअरच्या एक-दोन दात्यांवर. अनेक आठवड्यांचं काम होतं. घासणारा कारागीर पंधरा वर्षांचा अनुभवी, माझ्याशेजारी उभा होता. त्याने गिअर हातात घेतला, सावलीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “साहेब, हाताला लागत नाही.” खरंच लागत नव्हतं. अकराच्या अकरा आम्ही कापून भंगारात टाकले, कुणाला नजरचुकीनेही पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून. त्यानंतर घासायचं चाक किती दात्यांनंतर धारेला लावायचं ते आम्ही लेखी बांधून घेतलं. अशा भागांची पद्धत एकदा मंजूर झाली की गोठवतात. यंत्र एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये हलवलं तरी पुन्हा मंजुरी. पोलादाच्या प्रत्येक गोळ्याचा हीट नंबर, म्हणजे तो कुठल्या ओतणीतला त्याचा क्रमांक, त्या गिअरबरोबर आयुष्यभर चालतो. ‘असंच का’ हे ज्ञान म्हणतात ते हे, आणि ते कुणी करारात लिहून देत नाही.

इंजिनाबद्दल तुम्ही विचारलंत. ध्रुवचं आजचं ‘शक्ती’ इंजिन हे टर्बोमेका, म्हणजे आताच्या सॅफ्रान, आणि एचएएल यांनी मिळून विकसित केलं, फ्रेंच नाव ‘आर्दिदेन’. ऑगस्ट २००७ मध्ये ते ध्रुववर पहिल्यांदा उडालं. आधीच्या इंजिनापेक्षा ते बऱ्यापैकी ताकदवान आहे, आणि ही जादा ताकद विरळ हवेतच कामी येते. ते बेंगळुरूला बनतं, पण त्याचा गाभा आपला नाही, हे मान्य केलं पाहिजे. टर्बाइनची पाती ज्या तापमानात फिरतात तिथे धातू जवळजवळ वितळण्याच्या बेतात असतो. एका स्फटिकाची ओतीव पाती, त्यांवरचे लेप, हे जगात मोजक्या कंपन्यांकडे आहे. त्यामुळे ‘इंजिन फ्रेंच म्हणून हेलिकॉप्टर आपलं नाही’ हे मला पटत नाही. जगातले बहुतेक हेलिकॉप्टर बनवणारे इंजिन बाहेरून घेतात. पण एक फरक आहे : त्यांच्यापैकी बहुतेकांवर कुणी निर्बंध घालत नाही, आपल्यावर १९९८ मध्ये घातले होते. म्हणून १३ टनी वर्गाच्या येऊ घातलेल्या मध्यम हेलिकॉप्टरसाठी सॅफ्रानशी जी भागीदारी झाली आहे, तिच्यात डिझाइनमधला आपला वाटा किती, यावर नजर ठेवा. नुसत्या उत्पादनातला वाटा सांगितला जात असेल तर आपण पुन्हा १९६२ ला जाऊन उभे राहिलो असं समजा.

आता अपघात. ८ मार्च २०२३ ला मुंबईच्या किनाऱ्याजवळ नौदलाचं ध्रुव पाण्यात उतरवावं लागलं, तिघेही वाचले. त्यानंतर पात्यांचा कोन बदलणाऱ्या यंत्रणेतल्या काही नियंत्रण-दांड्या ॲल्युमिनियमऐवजी पोलादी करायचं ठरलं. ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळलं आणि तिघे गेले. सुमारे ३३० यंत्रांचा ताफा थांबवला आणि तपासात स्वॉशप्लेटमध्ये तडा आढळला. स्वॉशप्लेट म्हणजे मास्टभोवतीच्या दोन थाळ्या, खालची स्थिर, वरची पंख्याबरोबर फिरणारी, मधे बेअरिंग. चालकाने दांडा ओढला की खालची थाळी कलते, ती वरच्या थाळीला कलवते आणि तिथून पात्यांना कोन मिळतो. स्थिर जगातला हुकूम फिरत्या जगाला सांगणारी ही एकमेव जागा. ती गेली की सगळं गेलं. लष्कर आणि वायुदलाच्या ध्रुवला मे २०२५ च्या सुरुवातीला पुन्हा उड्डाणाची मुभा मिळाली. समुद्रावर उडणाऱ्यांना मात्र आणखी वाट पाहावी लागली. हे मला रास्त वाटतं, कारण खारी हवा आणि जहाजावर वारंवार उतरणं यांनी त्याच भागावर वेगळा ताण येतो. डिझाइन करताना जमिनीवरचा अनुभव जास्त होता, समुद्राचा कमी. हा धडा पुढच्या नौदल-आवृत्तीत पहिल्या दिवसापासून उतरायला हवा.

ताफा थांबवणं ही नाचक्की समजू नका. थांबवला नसता तर मी घाबरलो असतो. मला काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची : तपासाचे निष्कर्ष पुरवठादारांपर्यंत पूर्ण पोचत नाहीत. गिअर बनवणाऱ्याला त्याचा गिअर कुठे, किती तासांनी, कसा झिजला हे कळलं तर तो सुधारतो. आज आम्हाला बऱ्याचदा फक्त ‘पुढच्या लॉटला हे माप बदला’ एवढंच येतं. म्हणजे एचएएल फ्रेंचांकडून जे ‘का’ मागत होती, तेच ‘का’ आता आम्ही वरच्यांकडे मागतो आहोत.

ग्राहक म्हणजे काय, हे आपल्याला इक्वेडोरने शिकवलं. २००८ च्या करारात त्यांनी सात ध्रुव घेतले, चार कोसळले, २०१५ मध्ये करार रद्द झाला. प्रत्येक अपघाताचं कारण काय यावर दोन्ही बाजूंचं एकमत नव्हतं. पण सुटे भाग वेळेवर मिळत नाहीत ही तक्रार होती, आणि सात यंत्रं अर्ध्या जगापलीकडे विकून तिथे भागांचं कोठार आणि माणसं नसतील तर दुसरं काय होणार? हेलिकॉप्टर विकलं जातं ते पुढची तीस वर्षं. जुहूवरून समुद्रातल्या तेलविहिरींकडे रोज उडणाऱ्या हेलिकॉप्टरला चार दिवस एका सीलसाठी उभं राहणं परवडत नाही. नागरी बाजारात आपण अजून जवळजवळ नाहीच, त्याचं एक कारण हेच.

आणि मागणी. कारगिलमध्ये १९९९ ला आपल्या लक्षात आलं की तेवढ्या उंचीवर लढणारं हेलिकॉप्टर आपल्याकडे नाही. एचएएलच्या लढाऊ हेलिकॉप्टरला मंजुरी २००६ ला, पहिलं उड्डाण २९ मार्च २०१० ला, आणि ‘प्रचंड’ वायुदलात दाखल झालं ३ ऑक्टोबर २०२२ ला, जोधपूरमध्ये. ध्रुवचंच इंजिन आणि पंख्याची यंत्रणा घेऊन, चालक मागे-पुढे बसतील असं अरुंद अंग केलं. पहिली ऑर्डर किती? पंधरा यंत्रांची. पंधरा यंत्रांसाठी कुठला पुरवठादार नवं गिअर-ग्राइंडिंग मशीन घेईल? दक्षिण आफ्रिकेने ‘रूइवाल्क’ नावाचं उत्तम लढाऊ हेलिकॉप्टर बनवलं, १९९० मध्ये उडवलं, आणि एकूण बारा बनवून थांबले. डिझाइन नापास झालं नव्हतं, ऑर्डर नव्हत्या. मार्च २०२५ मध्ये १५६ ‘प्रचंड’चा ६२,७०० कोटींचा करार झाला, तेव्हा आमच्यासारख्या छोट्या कारखान्यांमध्ये किती हायसं वाटलं असेल याची बाहेरून कल्पना येणार नाही. अडीचशेहून अधिक देशी कंपन्यांना त्यात काम आहे, असं सरकारने सांगितलं आहे. पाच-सहा वर्षांचं काम दिसलं की मालक यंत्र घेतो, पोरांना शिकवतो, आणि शिकलेला पोरगा टिकतो.

याउलट उदाहरण हलक्या हेलिकॉप्टरचं. चीता-चेतकची जागा घ्यायला १९७ यंत्रांची जागतिक निविदा निघाली, २००७ मध्ये रद्द झाली, पुन्हा निघाली, २०१४ मध्ये पुन्हा रद्द झाली. २०१५ मध्ये रशियाच्या कामोव्हशी २०० यंत्रांची बोलणी झाली, तीही देशी भागांच्या वाट्यावर अडकली. दरम्यान एचएएलचं स्वतःचं हलकं हेलिकॉप्टर सप्टेंबर २०१६ मध्ये उडालं. त्याला लागलीच मोठी ऑर्डर मिळायला हवी होती, ती मिळाली नाही. त्याची एक बाजूही खरी आहे : यंत्रात ऑटोपायलटसारखी कामं अपुरी होती, आणि अपुरं यंत्र वैमानिकाला देऊ नये. पण या सगळ्यात दोन दशकं माझे सहकारी साठच्या दशकातल्या रचनेवर उडत राहिले. तुमकुरूचा कारखाना, ६१५ एकरांचा, फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाला आहे. सुरुवातीला वर्षाला ३० हेलिकॉप्टर आणि पुढे वाढवत न्यायची, अशी योजना. शेड उभी आहे. तिला पोटभर काम देणं आता दलांच्या आणि सरकारच्या हातात आहे.

यावं का, या प्रश्नाचं उत्तर : या. पण ‘हेलिकॉप्टर कंपनीत नोकरी’ एवढंच डोळ्यासमोर ठेवू नका. पोलादाची उष्णताप्रक्रिया, धातूचा थकवा, कंपनांचं मोजमाप, चुंबकीय आणि ॲसिडच्या तपासण्या, बेअरिंगचं वंगण, कार्बनतंतूंचे थर यांपैकी एकात खोल जा. विशेष पोलाद आणि टायटॅनियमसाठी हैदराबादची मिधानी आहे, पण उच्च दर्जाची बेअरिंग आणि कार्बनतंतू आजही मोठ्या प्रमाणात बाहेरून येतात. तिथे माणसांची खरी टंचाई आहे. पुणे, कोल्हापूर, नाशिक इथे गिअर आणि ओतकामाची पिढ्यान्‌पिढ्यांची जाण आहे. मोटारीच्या गिअरवरून हेलिकॉप्टरच्या गिअरवर जायला नवी यंत्रं कमी लागतात, कागदोपत्री शिस्त आणि तपासणीची सवय जास्त लागते. माझ्या विभागातली सगळ्यात चांगली तपासनीस ही आधी ट्रॅक्टरच्या गिअरवर काम करत होती.

येत्या सुट्टीत जवळच्या एखाद्या गिअर ग्राइंडिंगच्या कारखान्यात महिनाभर बिनपगारी का होईना, उभे राहा. पहिल्या दिवशी तिथल्या तपासणीवाल्याला विचारा, की शेवटचा भाग कशासाठी नाकारला आणि तो आता कुठे आहे. तो भाग काढून दाखवला, त्यावरचा डाग दाखवला आणि कारण सांगितलं, तर महिना तिथेच काढा. उत्तर आलं नाही, तर दुसरा कारखाना शोधा.